रिकामी घरं

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, वरच्या मजल्यावर
मार्यून समुद्राला घरं पाडत बसली आहे.

समुद्र म्हणजे बावीस वर्षांच्या नोंदी,
एकेक ओळ म्हणजे एकदा ओढलेलं जाळं.
अक्षांश, रेखांश, खोली,
पाण्याचं तापमान, खारटपणा, वर्षातला दिवस:
सहा आकड्यांचा मिळून एक ठिपका.
इथे हॅडॉक सापडला होता.

पहिले दोनच आकडे घेतले तेव्हा सोपं होतं.
दहा आडवे पट्टे, दहा उभे,
कुठल्या घरात किती पडले ते मोजायचं,
गर्दी असेल तिथे रंग गडद करायचा.
पूर्वेच्या उथळ पाण्यावर काळाकुट्ट डाग आला
आणि खात्याचे साहेब म्हणाले, वा.

मग तिने खोली जोडली. शंभराची हजार घरं.
तापमान: दहा हजार.
खारटपणा: लाख.
दिवस जोडला तेव्हा दहा लाख घरं उभी होती
एकेचाळीस हजार ठिपक्यांसाठी.
प्रत्येकाला स्वतंत्र बिऱ्हाड थाटून दिलं
तरी साडेनऊ लाखांवर दारांना कुलूप.

संगणकाने कुरकुर केली नाही.
भोपळ्याखाली भोपळा मांडत गेला रात्रभर.
सकाळी तिने भोपळे लिहिणंच बंद केलं,
फक्त नांदत्या घरांचे पत्ते ठेवले.
सहा हजार तीनशे बारा.
एवढासा गाव.

घरं मोठी केली
की गार पाणी आणि कोमट पाणी एकाच पांघरुणात.
लहान केली
की जो तो आपापल्या खोलीत एकटा,
आणि एकट्याची कसली आली दाटी?
एकदा नुसत्या रेघा अर्ध्या घराने सरकवल्या
तर कालचा एक डोंगर
दोन टेकड्या होऊन बसला.
मासा जागचा हललेला नव्हता.
त्या दिवशी ती जेवायला उशिरा गेली.

दुपारी हानूस येतो, तिचा बाप,
एकेचाळीस वर्षं बोटीवर, आता गुडघे गेलेले.
थर्मास टेबलावर ठेवतो, नेमका कागदांवर.
पडद्यावरच्या पांढऱ्याकडे बघत राहतो.
"इथं मासे नाहीत म्हणतेस?"
"मी शून्य म्हणतेय, बाबा."
"आम्ही गेलोच नाही तिकडे.
डिझेल परवडत नव्हतं."

शितावरून भाताची परीक्षा होते, खरं आहे.
पण ज्या पातेल्यावरचं झाकणच
कुणी काढलं नाही, त्याचं काय?

मग त्याचं बोट थांबतं उत्तरेला,
जानेवारीत, तीनशे मीटर खाली,
आजूबाजूला काही नसलेल्या एका ठिपक्यावर.
"हा माझा."
वारा फिरला होता, पोलचा हात दोरात अडकला होता,
जाळं सोडलं ते मुळी वजन उतरावं म्हणून.
वर आलं ते भरून.
"पोलची तीन बोटं गेली.
ती कुठल्या घरात धरलीस?"

ती सांगत नाही
की शेजारच्या घरांची सरासरी घेतली
की हा ठिपका विरघळून जातो.
कॉफी ओतते. दोघं पितात.

चारलाच अंधार पडतो इथे.
समोरच्या किनाऱ्यावर खिडक्या उजळू लागतात;
हानूस सवयीने मोजतो, ओठ हलवत.
"नऊ. पूर्वी तीसेक असायच्या.
बाकीची रिकामी."
"दिवे लागलेले नाहीत," मार्यून म्हणते,
"एवढंच दिसतंय इथून."

तो तिच्याकडे बघतो, मग थर्मासचं झाकण शोधू लागतो.

तो गेल्यावर ती भोपळे परत आणते, सगळेच्या सगळे,
आणि त्यांतून वेगळे काढायला बसते
जाळं टाकूनही हाती काही न लागलेले.
उरलेल्यांसाठी एक नवा रकाना उघडते.
त्याला काय नाव द्यावं, सुचत नाही.
सध्या तिथे एक आडवी रेघ आहे.